तीस रोजे आणि तीनशे किलोमीटर

"मी तीस रोजे ठेवणारा माणूस आहे. मला तहानेची भीती दाखवू नका."

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी हे बोललो. ईद होऊन दोन आठवडे झाले होते, त्यामुळे छाती जरा फुगलेलीच होती. ऐकणारे तिघं. बँकेत काम करणारा माझा मित्र, विशीतला एक पोरगा, आणि आमच्यात वयाने मोठे, सायकलिंगमध्ये सगळ्यांत मुरलेले एक शिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. बेत होता सोलापूर ते भिगवण आणि परत. पुणे हायवेने जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये 'ब्रेवे' नावाची एक पद्धत आहे. पॅरिसच्या एका जुन्या क्लबचे नियम जगभर पाळले जातात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. ही शर्यत नसते, पहिल्या येणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. वेळेत परत यायचं, एवढंच. मात्र मागे मदतीची गाडी घेऊन फिरता येत नाही. आपलं खाणं-पाणी आपणच वाहायचं किंवा वाटेत विकत घ्यायचं. आमची ती राइड अधिकृत नव्हती, सराव होता, पण नियम तेच धरले होते.

सरांनी आदल्या आठवड्यात ग्रुपवर यादी टाकली. कुठे किती पाणी प्यायचं, किती वाजता काय खायचं, मीठ किती, केळी किती. मी ती वाचून हसलो. जेवणाचं वेळापत्रक आजारी माणसाला लागतं, असं काहीतरी लिहिलंही. आणि वर ते रोज्याचं वाक्य.

हा माज घरातून आला होता. अब्बा चादरी विकायचे. सोलापुरी चादरींचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून आठवडी बाजार करायचे. त्यातला लांबचा बाजार सांगोल्याचा. मंगळवेढ्यावरून ८०-८५ किलोमीटर. जायचे, मुक्काम करायचे, दुसऱ्या दिवशी परत. १९८६-८७ च्या सुमाराला रमजान मे महिन्यात येत होता. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. अब्बा सहेरीला आमच्यासोबत बसून जेवायचे, फज्रची अजान व्हायच्या कितीतरी आधी सायकल बाहेर काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या टायमाला दारात उभे. ओठ सुकलेले, शर्टावर मिठाचे नकाशे. आम्हा भावंडांच्या मनात चित्र पक्कं होतं. मे महिन्याचं ऊन, मागे चादरी आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. ही गोष्ट मी मित्रांना सांगितली, बायकोला सांगितली, माझ्या मुलांना तर दर रमजानला सांगितली. दुपारी कुणी कुरकुर केली की अब्बांचा सांगोला पुढे यायचा.

तर त्या रविवारी पहाटे साडेतीनला आम्ही जुन्या पुणे नाक्यावरून निघालो. मी सहेरी करावी तसा जेवून निघालो होतो. दोन चपात्या, खिमा, वर मोठा कप चहा. सायकलला पाऊण-पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, साध्या पाण्याच्या. खिशात दोन केळी. मोहोळला फज्र पढलो. हवा बरी होती, पाय हलके होते. टेंभुर्णी आली तेव्हा साडेसात वाजले होते आणि माझी एकच बाटली संपली होती. बाकीच्यांनी दोनदा भरून घेतल्या होत्या. मला याचा अभिमान वाटला. सर म्हणाले, "पाणी प्या." मी म्हणालो, "तहान नाही सर."

भिगवणला अकराला पोचलो. भिगवणला गेलेल्या माणसाने मासे न खाता परत यायचं म्हणजे गुन्हाच. चिलापीचं कालवण, दोन भाकऱ्या, भात. तेलाचा तवंग बोटभर. सरांनी दहीभात मागवला तेव्हा मला त्यांची कीव आली होती.

परतीचं ऊन चाळिशीच्या वरचं होतं आणि वारा समोरून. बाटलीतलं पाणी चहाचं आधण ठेवल्यासारखं झालं, ते प्यावंसं वाटेना. इंदापूर ओलांडून सरडेवाडीच्या टोलनाक्यावर थांबलो तेव्हा मित्र म्हणाला, तुझ्या काळ्या जर्सीवर पांढरे पट्टे उमटलेत. त्या उन्हात माझ्या हातावर काटा आला होता. थंडी वाजल्यासारखा. मी दुकानातून गार पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि दहा मिनिटांत दीड लिटर पाणी पोटात ओतलं. इफ्तारला आपण करतो तसंच. पंधरा किलोमीटर गेलो असेन. भीमानगरच्या अलीकडे डोकं ठणकायला लागलं, पायांतला जीव गेला, आणि एका लिंबाखाली सायकल टाकून सकाळपासूनचं सगळं ओकून टाकलं. चिलापीसकट.

उजनी त्या उन्हाळ्यात मायनसमध्ये होती. मीही.

सरांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांनी बॅगेतून ओआरएसचं पाकीट काढलं, एका लिटरच्या बाटलीत कालवलं आणि दोन-दोन घोट देत तासभर बसवून ठेवलं. पोरगा रस्त्यावर उभं राहून टेम्पो थांबवत होता. डाळिंबाचे रिकामे क्रेट घेऊन सोलापूरकडे निघालेला एक टेम्पो थांबला. माझ्या ३०० चे २०० झाले, आणि उरलेले शंभर मी क्रेटला टेकून, डोळे मिटून केले.

घरी आल्यावर अम्माने आधी खडीसाखर तोंडात घातली, मग विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, ती रागावली. मी म्हणालो, अम्मा, अब्बा तर रोजा ठेवून सांगोल्याला जायचे, मला पाणी असून जमलं नाही.

अम्मा थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेरे अब्बा बाजार के दिन रोजा नइं रखते थे रे."

तिने सांगितलं ते असं. सांगोल्याचे दोन दिवस अब्बा मुसाफिर असायचे आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलायची मुभा कुरआनातच आहे. म्हणून तर फज्रच्या आधी घर सोडायचे. तिऱ्ह्याला पाणी प्यायचे, कामतीला प्यायचे, बेगमपूरला भीमेच्या पुलापाशी सावली बघून भाकरी खायचे, मंगळवेढ्यात ऊन उतरेपर्यंत पडून राहायचे. तहान लागो न लागो, ठरलेल्या गावाला थांबायचे. हँडलला छागल असायची. किरमिजाची ती पिशवी मला आठवते, वारं लागून तिच्यातलं पाणी गार व्हायचं. अम्मा फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, गुळाचा खडा आणि कागदाच्या पुडीत खडे मीठ बांधून द्यायची. राहिलेल्या रोज्यांच्या रेघा अब्बा कॅलेंडरच्या मागे मारायचे. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान झाले की एकेक कजा रोजा ठेवायचे आणि एकेक रेघ खोडायचे.

थंडीतले ते रोजे मला आठवतात. आम्हाला वाटायचं अब्बा नफील रोजे ठेवतात, इतरांपेक्षा जास्त. ते उधारी फेडत होते.

मला राग आला, खरं सांगतो. अडतीस वर्षं मी एक खोटी गोष्ट सांगत होतो आणि ती खोटी आहे हे घरात एका माणसाला माहीत होतं. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? अम्मा म्हणाली, मोहल्ल्यात लोक बोलतात. आणि पोरं लहान होती, त्यांना वाटलं असतं सोडलं तरी चालतं. अब्बांना जाऊन आता अकरा वर्षं झाली, त्यांना विचारायची सोय नाही. मी नंतर मोजून पाहिलं. आपल्याकडे हनफी मसल्याप्रमाणे सफर धरतात ते अठ्ठेचाळीस मैलांवर, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर. नुसता मंगळवेढ्याचा बाजार त्यात बसत नाही, सांगोला बसतो. मंगळवेढ्याच्या बाजाराला अब्बा रमजानमध्ये जायचेच नाहीत, हे अम्माने मी न विचारता सांगितलं. माणूस मैलाचाही हिशोब ठेवून होता.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रोज्यात तुम्हाला घाम किती येतो?"

या प्रश्नात सगळं आलं. रमजानमध्ये मी ऑफिसात पंख्याखाली बसतो. दुपारी सावली सोडत नाही. चौदा तास पाणी नसतं हे खरं, पण शरीर पाणी फार गमावतही नसतं. सायकलवर उन्हात मी तासाला किती गमावतो हे मला माहीतच नव्हतं. रोज्याने मला तहान सहन करायची सवय लावली होती. घाम कमी करायची नव्हे. आणि लांबच्या राइडला तहान सहन करता येणं हा गुण नाही. शरीर दार वाजवत असतं आणि आपण आतून कडी लावून बसलेले असतो.

घाम मोजायची रीत सोपी आहे. तासभर सायकल चालवायच्या आधी आणि नंतर कपडे काढून, अंग पुसून वजन करायचं. जेवढं वजन घटलं, त्यात मध्ये प्यालेलं पाणी मिळवायचं. एक किलो म्हणजे एक लिटर. मी मे महिन्यात हे दोनदा केलं. पहाटेच्या तासात अर्धा लिटर. सकाळी दहानंतरच्या तासात वजन ९०० ग्रॅमने घटलं आणि ४०० मिली पाणी प्यालो होतो, म्हणजे १.३ लिटर. त्या दिवशी भिगवणहून परत येताना मी तासाला जेमतेम दोन-तीन घोट घेत होतो. हिशोब तुम्हीच करा.

गेलेलं सगळं पाणी चालत्या सायकलवर भरून काढता येत नाही, पोट तेवढं घेतच नाही. पण वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त तूट पडू द्यायची नाही, असं साधारण धरतात. माझं वजन ७४ किलो, म्हणजे दीड लिटरच्या आसपास. म्हणून मी आता पहाटे तासाला अर्धी बाटली आणि ऊन चढल्यावर तासाला एक पूर्ण बाटली धरतो. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. तहान लागली की प्या, तेवढं पुरतं, असंही काही जाणकार सांगतात आणि गार हवेत, तास-दोन तासांच्या राइडला ते खरंही आहे. सोलापूरच्या उन्हात मी घड्याळावर विश्वास ठेवतो.

दुसरी चूक उलट्या बाजूची होती. आधी प्यालो नाही, मग एकदम ढोसलं, आणि तेही नुसतं पाणी. घामातून मीठ जातं. दर लिटरमागे साधारण एक ग्रॅमच्या आगेमागे सोडियम, माणसागणिक कमी-जास्त. वरून नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि फारच झालं तर जिवावर बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं. तेव्हा पाणी जास्त प्यायल्यानेही माणूस पडतो. मला हे पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

ओआरएसबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज फार. हे पाकीट मुळात जुलाबासाठी, कॉलऱ्यासाठी. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन कमी पडायला लागलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं पाणी रुग्णांना पाजलं आणि हजारोंचा जीव वाचवला. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. साधी गोष्ट मान्य व्हायला किती वर्षं लागतात बघा. तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. म्हणजे चोपन्न कॅलरी. अर्ध्या केळ्याएवढीच साखर. पाणी आणि मीठ भरायला ते उत्तम, पण ते जेवण नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक जण चार लिटर ओआरएस पिऊन 'एवढं घेऊनही ताकद का नाही' म्हणून विचारत होता. ताकद येणार कुठून? आणि एक लिटरचं पाकीट पाऊण लिटरच्या बाटलीत कोंबायचं नाही, प्रमाण बिघडतं.

मी घरीच बाटली बनवतो. पाऊण लिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. साखर ३५-३६ ग्रॅम, सोडियम सुमारे ६०० मिलिग्रॅम. एक बाटली ही, एक साध्या पाण्याची. साध्या पाण्याची का? कारण दहा तास गोड-खारट पिऊन जीभ विटते, आणि डोक्यावर ओतायला साधंच पाणी लागतं. सरबत डोक्यावर ओतून मी एकदा पाहिलंय, माश्या मोहोळपर्यंत सोबत आल्या.

आता खाणं. शरीरात साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, चारशे-पाचशे ग्रॅमच्या घरात असतो. सुमारे दोन हजार कॅलरी. चरबीही जळते, पण तिला पेटतं ठेवायला थोडी साखर लागतेच. साठा संपला की माणूस बसतो. पाय फिरत नाहीत, डोळ्यांसमोर अंधारी येते, उगाच रडू येतं. सायकलवाले याला 'बाँक' म्हणतात. ते आल्यावर खाऊन उपयोग होतो, पण अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, हा सर्वसाधारण आकडा. सराव असणारे ९० पर्यंत जातात, पण त्याला पोटालाही सराव लागतो. मी ४५ धरतो. त्यातले निम्मे बाटलीतून येतात.

बाकीच्यासाठी मी सुरुवातीला जेलची पाकिटं आणली. एकेक शंभर रुपयांच्या पुढे, आत पंचवीस ग्रॅम साखर. एका केळ्यात तेवढीच असते. केळं पाच-सहा रुपयाला. आपल्या काही लोकांना जेल आणि च्युइंगच्या गोळ्यांत जिलेटिन असेल का ही शंका असते. शंका बरोबर आहे, काही गोळ्यांत आणि मिठाच्या कॅप्सूलच्या टरफलात ते असतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघा, प्रश्न मिटला. ढाब्यावर मात्र मला हलालचा प्रश्न पडायच्या आधी तेलाचा पडतो. ३०० किलोमीटरच्या मध्यावर मटण कुठल्याही हाताने कापलेलं असो, ते पोटात दगडासारखं बसतं. राइडच्या दिवशी मी शाकाहारी असतो. दहीभात, वरणभात, इडली, ताक.

खिशातला माल मी किराणा दुकानात 'उपवासाचे पदार्थ' लिहिलेल्या फळीवरून घेतो. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. शिवाय रमजानमधले उरलेले खजूर, बिया काढून. साधे चार खजूर म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. दोन्ही धर्मांचे उपवास माझ्या एका पाऊचमध्ये असतात आणि दिवसभर मी फक्त खात असतो. दुकानदाराने एकदा विचारलं, कुठला उपवास? मी म्हणालो, भिगवणचा.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, रमजान लागायच्या आदल्या रविवारी पुन्हा भिगवणला गेलो. या वेळी हँडलला पांढरी चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर पेनाने गावं लिहिलेली. सावळेश्वर टोल, मोहोळ, वरवडे टोल, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, आणि तीच उलटी. प्रत्येकासमोर किती बाटल्या भरायच्या आणि काय खायचं. टोलनाके मुद्दाम लिहिले, तिथे पाणी आणि संडास दोन्हीची सोय असते आणि लांब पल्ल्यात दुसरी गोष्टही योजनेत लागते. लघवीचा रंग बघायला सरांनी शिकवलं होतं. गडद पिवळा दिसला की बाटली कमी पडतेय. सहा तास लघवीलाच जावंसं वाटलं नाही, तर फारच कमी पडतेय. मागच्या वेळी मी सकाळपासून गेलोच नव्हतो आणि वेळ वाचला म्हणून खूश होतो.

पट्टी लिहिताना अब्बांची गावं आठवली. तिऱ्हे, कामती, बेगमपूर, मंगळवेढा.

जाताना सगळं पट्टीप्रमाणे झालं. भिगवणला मी दहीभात खाल्ला. शेजारच्या टेबलावर चिलापी होती, मी तिच्याकडे पाठ करून बसलो. परतीला टेंभुर्णीत मात्र घोळ झाला. संध्याकाळ झाली होती, अजून ऐंशीएक किलोमीटर राहिले होते आणि मला गोडाची शिसारी आली. खजूर तोंडापर्यंत नेला की ओकारी. चिक्की बघवेना. सर म्हणाले, खाल्लंच पाहिजे. मित्र म्हणाला, बिस्कीट चहात बुडवून खा. तेही गोडच. मग मला सीटमागच्या पिशवीतल्या पुडक्याची आठवण झाली. निघताना अम्माने बळंच कोंबलं होतं, मी वजन वाढतं म्हणून कुरकुरलो होतो. आत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चिरलेला कांदा. टपरीवरून ताक घेतलं. भाकरी ताकात मोडली, वर चटणी. तिखट, खारट, कुरकुरीत. मी आयुष्यात इतकं चविष्ट काही खाल्लं नसेन. आम्ही चौघांनी मिळून संपवलं. ज्वारीच्या एका भाकरीत पस्तीस-चाळीस ग्रॅम कर्बोदकं असतात, चटणीत मीठ, ताकात मीठ आणि पाणी. तेव्हा आकडे कुणाला सुचत होते म्हणा. तेव्हापासून माझ्या यादीत निम्मा माल तिखट-मिठाचा असतो. ज्यांना कडक भाकरी मिळत नाही त्यांनी खारे शेंगदाणे, उकडलेले बटाटे मीठ लावून, असलं काही ठेवावं. आणि जे काही न्याल ते घरच्या लहान राइडवर आधी खाऊन बघावं. नवा पदार्थ मोठ्या राइडला पहिल्यांदा तोंडात घालायचा नाही.

रात्री दहाच्या आत जुन्या पुणे नाक्यावर आलो. अठरा तास भरायचे होते. घरी अम्मा जागी होती. तिने कसं झालं वगैरे विचारलं नाही, बाटल्या मागितल्या. उलट्या करून पाहिल्या. एकीत घोटभर राहिलं होतं, ते तिने दारातल्या मोगऱ्याला ओतलं. मिठाचं पाणी आहे, असं मी म्हणेपर्यंत ओतून झालं होतं.

आठवड्याने रमजान लागला. रोजे सुरू झाल्यावर मी सायकल तरावीहनंतर काढतो. रात्री अकराला रस्ते मोकळे असतात, तीस-चाळीस किलोमीटर सावकाश होतात. इफ्तारपासून सहेरीपर्यंत पाणी वाटून पितो, इफ्तारला ढोसत नाही, एवढा धडा टोलनाक्यावरून आणला. पण तिसऱ्या आठवड्यात ग्रुपचं २०० ठरलं. पहाटे निघून पंढरपूरच्या पुढे. सरांनी मला वेगळा फोन करून विचारलं. मी नाही म्हणालो. रोजा ठेवून ती राइड करणं मूर्खपणा, हे तर आता कळलं होतं. दुसरा मार्ग अब्बांचा. फज्रच्या आधी निघा, मुसाफिर व्हा, रेघ मारा, थंडीत फेडा. मसल्यात कदाचित बसेलही. पण अब्बा पोटासाठी जायचे. चादरी विकल्या नाहीत तर घरात पीठ यायचं नाही. माझं काय? माझी हौस. हौसेसाठी रोजा पुढे ढकलायचा, हे मनाला पटेना.

हे सगळं मी अम्माला सांगितलं. ती इफ्तारसाठी फळं कापत होती. म्हणाली, नको वाटतं तर नको जाऊ. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेट के वास्ते जाते थे, सही है. पण सांगोल्याला एसटी जात होती की. तेव्हापण जात होती. चादरी टपावर टाकून नेता आल्या असत्या."

मी बघत राहिलो.

"सायकल को दो घंट्यां कायकू लगाए थे मग?"

दोन घंट्या होत्या. एक साधी, एक डबल ठोक्याची. गल्लीच्या तोंडाशी आले की अब्बा दोन्ही वाजवायचे आणि आम्ही धावत सुटायचो.